घाट नसलेले डोंगर, पूल नसलेली खाडी

मंडळी, आजचा विषय सायकलचा आहे असं फलकावर लिहिलंय, पण खरं म्हणजे तो रस्त्याचा आहे. रस्ता कुणासाठी बांधला गेला आणि कुणासाठी बांधलाच गेला नाही, याचा. त्यासाठी आपण नैऋत्य इंग्लंडमधला सेव्हर्न नदीच्या खाडीभोवतीचा मुलूख घेऊ. ब्रिस्टल शहर, त्याच्या दक्षिणेला मेंडिपच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी सॉमरसेट लेव्हल्स नावाचा सखल पाणथळ पट्टा, आणि आणखी पश्चिमेला समुद्रालगत एक्समूरचं पठार.

आधी एक कोडं. मेंडिपचं सर्वात उंच टोक समुद्रसपाटीपासून ३२५ मीटर आहे. पुणेकर हसतील, कारण पुणं शहरच साधारण ५६० मीटरवर वसलंय. आणि तरीही सह्याद्रीतले घाट सहज चढणारे सायकलस्वार इथल्या चढावर उतरून सायकल ढकलताना दिसतात. असं का होतं?

उंचीमुळे नाही. चढाच्या तीव्रतेमुळे. थोडा हिशोब करू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरा, आणि पायांतून सतत २०० वॉट ताकद निघतेय असं धरा. नियमित सायकल चालवणाऱ्याला ही ताकद काही वेळ टिकवता येते. १०० मीटर जाताना ६ मीटर चढणारा रस्ता, म्हणजे ६ टक्के चढ असेल, तर ताशी तेरा-चौदा किलोमीटर वेग मिळतो. १६ टक्क्यांवर तोच माणूस साडेपाचवर येतो. २५ टक्क्यांवर पावणेचार. पावणेचारच्या वेगात, बरं का, माणूस चालत जातो. सायकलचा तोलच धरवत नाही. म्हणजे ६ टक्क्यांवर किती दमायचं हे तुम्ही ठरवता. वाटलं तर हळू जाता. २५ टक्क्यांवर ते रस्ता ठरवतो, कारण त्याहून हळू गेलात तर पडाल.

आता आपले घाट आठवा. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्यावरून बैलगाड्या आणि तोफा वर न्यायच्या होत्या, म्हणून डोंगराच्या कुशीतून वळणं घेत, चढ वाटून देत रस्ता काढावा लागला. तो आखला कंपनी सरकारच्या अमलात. त्याच इंग्रजांच्या स्वतःच्या गावात मात्र शेतावरून चर्चला, चर्चवरून बाजाराला जाणारी पायवाट शतकानुशतकं तुडवली गेली आणि पुढे तिच्यावरच डांबर पडलं. ती आखली कुणीच नाही. पायी चालणाऱ्याला सरळ वर जाणं परवडतं, म्हणून वाट सरळ वर गेली. या वाटांना तिकडे लेन म्हणतात, आणि सायकलचे बहुतेक मार्ग यांच्यावरूनच जातात. मोठे रस्ते त्या मानाने सौम्य आहेत, कारण अठराव्या शतकात टोल घेणाऱ्या मंडळांनी घोडागाड्यांसाठी त्यातले बरेच सुधारले. पण आज तिथे मोटारींची गर्दी. थोडक्यात काय, सायकलवाल्याला ट्रक किंवा चढ यातलं एक निवडावं लागतं.

हा फरक एकाच ठिकाणी बघायचा तर पोरलॉकला जावं. एक्समूरच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठचं हे छोटं गाव. गावातून वर जाणारा मुख्य रस्ता, ए-३९, काही जागी २५ टक्के चढतो. त्याच डोंगरावर, त्याच गावातून, एकोणिसाव्या शतकात एका जमीनदार घराण्याने बांधलेला टोलचा रस्ता आहे. तो झाडीतून वळत वळत जातो, अंतर जास्त, पण चढ साधारण ६ टक्के. तळ तोच आणि माथा तोच. आमच्या मते इंग्लंडमधला खराखुरा ‘घाट’ म्हणावा असा हा एक रस्ता, आणि वळणावळणांवर खाली ब्रिस्टल चॅनेलचं पाणी दिसतं ते वेगळंच.

मेंडिपमधली चेडर गॉर्ज ही घळ जास्त प्रसिद्ध. चुनखडीचे कडे सुमारे १३७ मीटर उंच, आणि रस्ता घळीच्या तळातूनच वर जातो. पाण्याने कोरलेली वाट रस्त्याला आयती मिळाली. इथे अवघड भाग सुरुवातीलाच, वळणांपाशी येतो. तिथे चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो आणि मग रस्ता निवळतो. नवखे लोक पहिल्या वळणातच जीव काढतात आणि वरच्या सोप्या भागात धापा टाकत बसतात.

हे सगळं घरबसल्या आधी कळू शकतं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:५०,००० नकाशावर रस्त्यावर बाणाची खूण असते. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे २० च्या वर. बाणाचं टोक उताराकडे असतं, हे मात्र लक्षात ठेवा. उलट वाचलं तर दिवस फुकट जातो. उताराचंही भय कमी नाही. लेनच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, एकच गाडी जाईल एवढी रुंदी, आणि वळणापलीकडे ट्रॅक्टर. शिवाय मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीमुळे झाडी छाटायला शेतकऱ्यांवर बंदी असते. सप्टेंबरपासून छाटणी सुरू होते आणि रस्ताभर काटे. पंक्चरचं सामान तेव्हा दुप्पट घ्यावं.

सौम्य चढाची दुसरी सोय रेल्वेने करून ठेवली. आगगाडीला खडा चढ चालतच नाही. चेडरच्या स्ट्रॉबेऱ्या नेणाऱ्या रेल्वेची प्रवासी वाहतूक १९६३ साली बंद झाली; आज यॅटन ते चेडर त्याच वाटेवर सायकल मार्ग आहे आणि नावही ‘स्ट्रॉबेरी लाइन’. बोगद्यासकट! १९७७ साली ब्रिस्टलमध्ये उभ्या राहिलेल्या सस्ट्रान्सच्या चळवळीने पहिलं मोठं काम केलं तेही जुन्या रेल्वेवरच, ब्रिस्टल ते बाथ.

आता खाडी. सपाट प्रदेश म्हणजे सोपा, असं वाटेल. पण खाडीकाठी प्रश्न चढाचा नसतो, ओलांडण्याचा असतो. कोकणात ज्यांनी किनाऱ्याने सायकल चालवलीय त्यांना हे सांगायला नको. दाभोळला तर चुकली तर काय होतं ते विचारा. सेव्हर्नची भरती-ओहोटी मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, इथे चौदाच्या आसपास. खाडी नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते, आणि तिची लांबी-खोली अशी की पाण्याचा झोका भरतीच्या तालाशी जुळतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसं. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. त्यात पाय घालू नये, माणूस रुतून बसतो आणि भरती थांबत नाही.

अशा पाण्यावर पूल बांधणं सोपं नव्हतं. १८८६ साली रेल्वेने खालून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा काढला. रस्त्याचा पूल आला १९६६ साली, ऑस्टजवळ. त्याआधी तर होती, नाहीतर थेट ग्लॉस्टर. १९९६ च्या दुसऱ्या पुलावर सायकलला जागाच नाही, फक्त मोटारी. म्हणून आजही सायकलवाल्याची भिस्त १९६६ च्या पुलाच्या कडेच्या वाटेवर, आणि ती जोराच्या वाऱ्यात किंवा दुरुस्तीसाठी बंद होऊ शकते. पलीकडे वेल्समध्ये चेपस्टोला तुम्ही संध्याकाळी पोचलात आणि वाट बंद असली, तर? ग्लॉस्टरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर वर, आणि साधारण तेवढंच परत खाली. नकाशावर समोर दिसणारा काठ नव्वद किलोमीटर लांब! तेव्हा निघण्याआधी पुलाची स्थिती बघावी, आणि सेव्हर्न टनेल जंक्शनवरून बोगद्यातून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा खिशात ठेवाव्यात.

लहान नाल्यांचंही तेच. क्लीव्हडन आणि वेस्टन ही दोन किनाऱ्यावरची गावं, मध्ये एक छोटी नदी. तिच्या मुखाशी पाणी अडवायची दारं होती, पण जायला वाट नव्हती, म्हणून आत वळसा. २०२४ साली तिथून वाट जोडली गेली आणि काही मैल वाचले.

लेव्हल्सच्या सपाटीवर राहिला तो वारा. तो बहुतेक नैऋत्येकडून येतो आणि चराचरांनी कापलेल्या त्या मैदानात आडोसा नाही. म्हणून सकाळी ताज्या पायांनी वाऱ्यावर जावं आणि परतताना तो पाठीशी घ्यावा.

आताच प्रश्न आला, गिअर कोणता लावावा? पुढचं लहान चक्र ३४ दात्यांचं आणि मागचं सर्वात मोठंही ३४ चं असावं. दुकानदार हसला तरी तेच मागा. पोरलॉकला मात्र टोलच्या रस्त्यानेच वर जा.