पिल्लू चावतं, तेव्हा नेमकं काय मोजायचं?

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय कुठून आणायचा?" विषय कधीकधी आपल्याच अंगणात चपलेला लोंबकळत असतो. लातूर-नांदेडकडे शेतावर राखणीला किंवा घरी हौसेनं पिल्लू आणलं, की दोन दिवसांत तक्रार सुरू होते, "लई चावतंय हो!" मग सल्ले येतात. नाकावर टिचकी मार. जबडा दाबून धर. राहू दे, मोठं झालं की आपोआप थांबतं. हे तिन्ही सल्ले आपण सिनॉप्सिसमधल्या गृहीतकांसारखे तपासून बघू.

सगळ्यात आधी व्याख्या. "चावणं" हा शब्द संशोधनाला फार ढोबळ आहे. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे आधी एक यादी बनवतात. शरीरानं काय केलं तेवढंच तिच्यात लिहायचं, मनात काय होतं ते नाही. "रागानं चावलं" ही नोंद नव्हे. "अंग ताठ, नजर रोखलेली, गुरगुर, दात लागले, पकड सोडली नाही" ही नोंद झाली. खेळातलं पिल्लू वेगळं दिसतं. अंग सैल, तोंड उघडं, पुढचे पाय जमिनीला टेकलेले आणि ढुंगण वर. या शेवटच्या मुद्रेला आपण खेळाचं वाकणं म्हणू.

मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवलं की हे वाकणं कुठंही येत नाही. चावून डोकं झटकण्याच्या आगेमागे ते जास्त दिसतं. म्हणजे जणू "हाही खेळच आहे बरं का" असं सांगणं. २०१६ मध्ये बायोसिएर आणि सहकाऱ्यांनी पाळीव मोठ्या कुत्र्यांचा खेळ तपासला, तर वाकणं मुख्यतः खेळ थांबल्यावर तो पुन्हा सुरू करायला येत होतं. इथं बरेच विद्यार्थी "निष्कर्षांत विसंगती आढळते" असं लिहून पुढं सरकतात. तसं करू नका. बेकॉफच्या नोंदींत लांडग्याची आणि कोयोटीची पिल्लंही होती. वय वेगळं, प्राणी वेगळे, मग उत्तर वेगळं आलं तर नवल काय?

आता "आपोआप थांबतं" हा सल्ला. तो अर्धा खरा आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, जे दिसेल ते चावलं जातं. पण चावायचं किती जोरात, हे दातांवर ठरत नाही. भावंडांशी खेळताना जोरात चावलं तर समोरचं ओरडतं किंवा खेळ सोडतं, आणि तिथून ते शिकत असावं. "असावं" म्हणतोय, कारण ही गोष्ट जितक्या ठामपणे सांगितली जाते तितकी ती तपासलेली नाही. २०११ मध्ये पिएरांतोनी आणि सहकाऱ्यांनी ३० ते ४० दिवसांची असताना भावंडांपासून तोडलेली ७० आणि दोन महिन्यांची असताना तोडलेली ७० कुत्री यांची तुलना केली. लवकर तोडलेल्यांत नासधूस, जास्त भुंकणं, आवाजाला बिचकणं, वस्तू राखून गुरगुरणं यांची शक्यता जास्त निघाली. माहिती मालकांनी सांगितलेली होती, ही मर्यादा धरूनच वाचा. तरी आपल्याकडे महिनाभराचं पिल्लू पिशवीत घालून आणतात, तिथं हे आठवायला हवं.

मारण्याबद्दलचा आकडा सगळ्यात जास्त फिरतो. मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या पाहणीत मालकानं मारलेल्या किंवा लाथ घातलेल्या कुत्र्यांपैकी ४३ टक्के कुत्री उलटून आक्रमक झाली. व्हायवात हा आकडा फेकलात तर तीन प्रश्न येतील. छेद कोणता? सगळी कुत्री नव्हे, ज्यांच्यावर हा उपाय केला तेवढीच. नमुना कुठला? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेले मालक, भरलेल्या प्रश्नावल्या १४०. तिसरा प्रश्न अवघड आहे. मारल्यामुळं कुत्रं आक्रमक झालं, की आक्रमक होतं म्हणून मार बसला? ही पाहणी ते सांगू शकत नाही.

मग मारायचं का? माझं मत स्पष्ट आहे, नाही. पुरावा कच्चा असला तरी तो एकाच बाजूला झुकतो, आणि न मारण्यात तोटा काहीच नाही. दात लागला की हात झटकू नका, झटकलेला हात म्हणजे पळणारं सावज. खेळ तिथंच थांबवा, अर्धा-एक मिनिट पाठ फिरवा, मग चावायला गाठ मारलेलं फडकं द्या. उन्हाळ्यात ओलं करून गार केलेलं फडकं हिरड्यांना बरं वाटतं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकानं थांबवायचं आणि लेकरानं बोटं नाचवून खेळवायचं, याला काही अर्थ नाही. थकलेलं पिल्लू जास्त चावतं, त्याला झोपू द्या.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडला विद्यार्थी आहेत, गल्लोगल्ली पिल्लं आहेत. पिल्लू किती दिवसांचं आणलं आणि चावल्यावर घरात काय केलं, एवढं शंभर घरांत नीट विचारलं तरी कामाची माहिती मिळेल.

पण क्षेत्रकार्याला जाण्याआधी हे वाचा. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. खेळात दात लावण्याचा जोर त्याआधीच सुरू झालेला असतो. "एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज" हे चूक आहे. पिल्लालाही रेबीज होतो, विषाणू लाळेत असतो, आणि चावणं खेळातलं होतं की रागातलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दातानं ओरखडा जरी उठला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते तिथं स्वतःहून विचारा. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवतात ते वेगळं. त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते.