घोड्याचा स्वभाव कशावरून ओळखावा?

कल्याणहून घाटाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथच्या पुढे बदलापूर लागते. पूर्वी येथे थकलेले घोडे बदलीत, म्हणून गावास हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तो काळ गेला, तथापि या पट्ट्यातून घोडा अजून गेलेला नाही. उल्हासनगर व अंबरनाथ येथील लग्नसराईत वरासाठी घोडी लागते. बदलापूरपासून तिसरे स्थानक नेरळ. तेथून वर माथेरानास जातात. माथेरानात मोटारींस मज्जाव आहे. अलीकडे तेथे ई-रिक्षा आल्या, तरी प्रवासी व सामान वाहण्याचे काम घोडा अद्याप करीत आहे.

जोडधंदा म्हणून घोडा घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वरातीत घोडीवर वरापुढे पुष्कळदा लहान मूल बसविलेले असते. समोर ताशे वाजत असतात, फटाके उडत असतात. अशा ठिकाणी जनावराची पारख चुकली, तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही.

रंग आणि भोवरे

आपल्याकडे घोड्याची परीक्षा प्रथम रंगावरून व भोवऱ्यावरून करतात. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्रात शुभाशुभ लक्षणांचा विचार आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडे येथे दत्तजयंतीस भरणाऱ्या घोडेबाजारातही पंचकल्याणी अथवा देवमण असलेल्या घोड्यास अधिक किंमत येते. उलट डोळ्याखाली भोवरा असला, तर असा घोडा मालकास रडवितो म्हणून चांगले जनावरही नाकारले जाते.

या समजुतीत तथ्य किती? त्वचा व मज्जासंस्था ही दोन्ही गर्भाच्या एकाच थरापासून घडतात. म्हणून भोवऱ्याचा स्वभावाशी काही संबंध असावा काय, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. पोलंडमधील कोनिक जातीच्या घोड्यांच्या २००७ मधील अभ्यासात, कपाळावरील भोवरा डोळ्यांच्या रेषेहून उंच असलेले घोडे हाताळण्यास काहीसे अवघड आढळले. परंतु हा कल अनेक घोड्यांच्या सरासरीचा आहे. त्यावरून समोरच्या एका घोड्याविषयी निर्णय देता येत नाही, आणि मालकाच्या भाग्याशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

कान, डोळा आणि शेपूट

घोड्याचे मन त्याच्या हालचालींत दिसते. कान पुढे किंवा आवाजाच्या दिशेने सहज वळत असतील, तर जनावर सावध पण निर्धास्त आहे. कान मागे दाबून मानेस चिकटविले, तर चावण्याचा किंवा लाथेचा तो इशारा समजावा. नाकपुड्या ताठ व फुगलेल्या, मान उंच, शेपूट पायांत दाबलेली, ही भीतीची चिन्हे होत. डोळ्याचा पांढरा भाग दिसला म्हणजे घोडा खुनशी, असे मात्र नव्हे. काही घोड्यांत तो जन्मतःच दिसतो.

घोड्यास जवळजवळ चोहोंकडचे दिसते. मात्र अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून अचानक हात लावल्यास गरीब घोडाही लाथ झाडतो. तो दोष घोड्याचा नव्हे, माणसाचा होय.

खोड की वेदना?

पुष्कळदा ज्यास आपण अडेल म्हणतो, तो घोडा दुखणाईत असतो. दाढांच्या धारेने जीभ कापली असेल, तर तो लगाम घेत नाही. पाठीस खोगीर लागले असेल, तर स्वार बसताच उसळतो. नालाचा खिळा बोचत असेल, तर चालण्यास नाखूश असतो. युरोपातील संशोधकांनी २०१४ मध्ये घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली. ताठ मागे गेलेले कान, आवळलेले डोळे, ताणलेले जबडे व नाकपुड्या ही तिच्यातील प्रमुख चिन्हे आहेत. ही चिन्हे दिसल्यास चाबूक खाली ठेवावा आणि पशुवैद्यास बोलवावे.

खरेदीपूर्वी

१. घोडा एकदाच पाहून घेऊ नये. दमवून किंवा औषध देऊन शांत केलेला घोडा दुसऱ्या दिवशी निराळा दिसतो.

२. तो थानावर बांधलेला असतानाच पाहावा. मोहरकी घालणे, खोगीर चढविणे, चारही पाय उचलणे हे आपल्यासमोर करवून घ्यावे.

३. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असल्यास ते जुन्या खोगीर-जखमेचे असू शकतात. पुढील दातांची कड झिजली असल्यास लाकूड चावण्याची खोड संभवते.

४. वरातीसाठी घ्यावयाचा असल्यास वाजंत्री ऐकवून, प्रथम दुरून व मग जवळून, त्याचे वर्तन पाहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती लग्नसराईपूर्वी घोडेवाल्यांपर्यंत पोहोचवावी. घोड्याच्या कपाळावरील भोवरा जन्मभर बदलत नाही; त्याचा स्वभाव मात्र खरारा करणाऱ्या हाताने सुधारतो आणि त्याच हाताने बिघडतोही. म्हणून घोडा पारखून घ्यावा, आणि घेतल्यावर आपला हातही पारखावा.