वेड घेऊन पेडगावला

यवतमाळचे वऱ्हाडी कवी शंकर बडे ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग करत. अशा प्रयोगात सोंग भोळ्याचं असलं, तरी हशाची जागा नेमकी हेरलेली असते. मुद्दाम चुकायचं तर बरोबर काय, ते आधी ठाऊक हवं. चॅटबॉटला हे जमतं का?

कल्पना जुनीच आहे. १९५०च्या निबंधात गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने रचलेल्या संवादात ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. सुमारे ३० सेकंद थांबून उत्तर येतं, १०५६२१. चक्क शंभराने कमी! समोर माणूस नाही हे पकडलं जाऊ नये म्हणून यंत्राने मुद्दाम चुकावं, असंही तो पुढे सुचवतो. २०१४मध्ये लंडनला माणूस की यंत्र हे ओळखायच्या चाचणीत ‘युजीन गूस्टमन’ या प्रोग्रॅमने १३ वर्षांच्या युक्रेनी पोराचं सोंग घेतलं. न आलेली उत्तरं वयावर खपली आणि ३३ टक्के परीक्षक फसले.

आजचे चॅटबॉट मागचा मजकूर पाहून पुढचा शब्द निवडतात. उपयोगी उत्तरांना माणसांनी पसंती देत त्यांना घडवलेलं असतं, म्हणून ते आपणहून सहसा येडपटपणा करत नाहीत. सांगितलं तर करतात. ‘पऱ्हाटीवर बोंडअळी आली, काय करू?’ ‘आलीच आहे तर चहा टाका!’ इथे हसू येतं, कारण अळी पाहुणी नाही हे आपल्याला माहीत असतं. पण बॉट खरोखर चुकतो तेव्हाही त्याचा सूर तितकाच ठाम असतो, ही खरी पंचाईत. तेव्हा गंमत खुशाल करा. फवारणीचं मात्र कृषी अधिकाऱ्यालाच विचारा.