मागाविना वीण

तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याच्या धानपट्ट्यात बांधीत धान उभं असतानाच ओलीवर उतेरा म्हणून जवस फेकतात. दाणा तेलाला जातो, काडाला कुणी विचारत नाही. त्या काडातही तंतू असतो. तो भार पेलणाऱ्या वस्तूच्या कामी येईल का, हा प्रश्न घेऊन मी इचलकरंजीला गेलो. तिथल्या १९८२ साली सुरू झालेल्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेल्या कापडाचं उत्कृष्टता केंद्र आहे.

मला खिळवून ठेवलं ते निडल पंचिंगच्या यंत्राने. कार्डिंगमधून, म्हणजे तंतू विंचरून, निघालेली त्यांची विरळ जाळी थरावर थर होऊन सुयांखाली सरकते. वरच्या फळीवर हजारो सुया, त्यांची पाती बहुधा तिकोनी, कडांवर बारीक खाचा. सुई खाली जाताना खाच चार तंतू धरते, थरांच्या आरपार ओढते आणि वर येताना सोडून देते. सूत कातायला नको, ताणा-बाणा नको. म्हणूनच जवसाचा आखूड, जाडाभरडा तंतू इथे चालू शकतो.

भार पेलणारी वस्तू करायला विणलेल्या कापडाचे थर राळेत (रेझिनमध्ये) बसवले, तर दोन थरांमध्ये राळेखेरीज काहीच नसतं आणि ते तिथेच सुटतात. सुयांनी उभे ओवलेले तंतू त्या फटीला अडवतात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकसोबत पंच करून गरम दाबलेले जवस, ताग यांचे पत्रे मोटारींच्या दारांच्या आतल्या बाजूला बसतात. बीएमडब्ल्यूच्या आय-३ या गाडीचं छतही पुनर्वापरातल्या कार्बन तंतूंच्या नॉनवोव्हनचं होतं.

पण दाराचा पत्रा वेगळा आणि तुळई वेगळी. तंतू सपाटीत चहूकडे पसरले, की कोणत्याही एका दिशेला त्यांचा ताठरपणा, सगळे एकाच दिशेत लावल्याच्या तुलनेत, हिशोबाने ३/८ च उरतो. शिवाय सुयांनी बांधलेली ही मॅट फुगीर असते. राळ जास्त पिते, तंतूंना जागा कमी उरते. पकड वाढावी म्हणून पंच वाढवले, तर तंतूच तुटतात. एखादी जागा विरळ राहिली, तर तडा तिथूनच जातो. वनस्पतीचा तंतू पाणी शोषून फुगतो आणि राळेपासून सुटू लागतो. जवसाचा त्रास आणखी निराळा: तेलासाठी पूर्ण पिकू दिलेल्या काडाचा तंतू खरबरीत होतो. काड कुजवून, झोडपून भुसकट नीट वेगळं केलं नाही, तर ते मॅटमध्ये कच्चे दुवे पेरतं.

म्हणून तुळईचं स्वप्न आज कुणी शेतकऱ्याला विकू नये. आधी पत्रे करावेत आणि ते आपल्या पावसाळ्यात तपासावेत. काड हलकं आणि जागाखाऊ, त्यामुळे वाहतुकीतच पैसा जाईल. तंतू वेगळा करण्याची सोय बांधीजवळच हवी. ती झाली, तरच यंत्राचं हे कसब सिहोऱ्याच्या उपयोगाचं.