जीमेलसाठी स्वतंत्र खिडकी

ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे असले की त्यातून जीमेल शोधणे जिकिरीचे होते. यावर सोपा आणि फुकट उपाय आहे: जीमेलचेच ॲप करून घ्यायचे.

क्रोममध्ये जीमेल उघडा. उजवीकडे वरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा. ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’ या भागात पान ॲप म्हणून इन्स्टॉल करण्याचा पर्याय मिळेल. एजमध्ये हीच सोय ‘ॲप्स’ या मेनूत आहे. मॅकवर २०२३ साली आलेल्या सोनोमा या आवृत्तीपासून सफारीच्या ‘फाइल’ मेनूतला ‘ॲड टू डॉक’ हा पर्याय हेच काम करतो.

आता जीमेलला स्वतःचे चिन्ह आणि स्वतःची खिडकी मिळते. पत्त्याची पट्टी आणि टॅब दिसत नाहीत. आत मात्र तोच ब्राउझर चालतो. त्यामुळे वेगळे अपडेट करावे लागत नाही. क्रोममधल्या ॲपचे लॉगिनही क्रोमशी सामाईक असते.

ॲप केले म्हणजे सगळे मेल संगणकावर उतरले, असे समजू नका. इंटरनेट नसताना मेल वाचायचे असतील, तर क्रोममध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधून ‘ऑफलाइन’ सुरू करा आणि ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल साठवा. सायबर कॅफेत किंवा कार्यालयातल्या सामाईक संगणकावर हे कधीही करू नका. तुमचा पत्रव्यवहार तिथेच मागे राहील.

ॲप नकोसे झाले तर निर्धास्तपणे काढून टाका. मेल गूगलच्या सर्व्हरवर सुरक्षित राहतात.