घरातील गारवा

मंडळी, माठातले पाणी गार का होते, हे शाळेतले पोरही सांगेल. झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. एका लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच!

सिन्नर-येवल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी, तिथे तो उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता चिकचिकाट करील. घरगुती कूलर साधारण १५० ते २०० वॅट वीज घेतो, एक टनाचा एसी हजाराच्या आसपास. तेव्हा शेजाऱ्याने आणला म्हणून एसी आणू नका. मात्र कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी. पुष्कळ जण ती घट्ट लावतात अन् मग कूलर बिघडला म्हणतात! ओल्या हवेला बाहेर जायला वाट नको का?

टाकी आठवड्यातून एकदा उपसून घासा आणि कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडांना चिकटलेली असतात, नुसते पाणी बदलून भागत नाही. बोअरच्या जड पाण्याने वाळ्यावर क्षार बसून हवा अडते. तो दर उन्हाळ्याला बदलावा. अन् हो, प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालू नका.