पाण्यातल्या पोकळीचे बळ

पाण्याची वाफ करण्याचे दोन मार्ग आहेत. पाणी तापवावे, किंवा त्याच्यावरचा दाब कमी करावा. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. महाबळेश्वरला ९५-९६ अंशांतच उकळी फुटते, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो. हा दाब उतरवत वातावरणाच्या दाबाच्या साधारण चाळिसाव्या हिश्श्यावर आणला, तर २० अंशांचे थंड पाणीही उकळू लागते. वाहत्या पाण्यात हे आपसूकच घडू शकते. प्रवाहाचा वेग एखाद्या जागी फार वाढला की तिथला दाब घटतो, पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, आणि पुढे दाब पूर्ववत झाला की ते मिटतात. या सगळ्या प्रक्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा तयार होणे ही त्यातली सौम्य अर्धी बाजू झाली. खरी ताकद त्याच्या मिटण्यात असते.

चहाचे आधण ठेवले की उकळी येण्याच्या बरेच आधी पातेले सूं-सूं आवाज करू लागते. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड थरात शिरताच मिटतात, त्यांचा हा आवाज. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे पृष्ठभागापर्यंत टिकतात आणि आवाज मऊ होतो. इथे बुडबुडे मिटतात ते थंडाव्याने, दाबाने नव्हे. पण बुडबुडा मिटणे आणि आवाज यांचे नाते तेच.

विहिरीवरच्या पंपात मात्र खरेखुरे कॅव्हिटेशन घडते. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर रेललेली हवा पाणी वर ढकलते. हवेची ही शक्ती फार तर १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकते. पाइपातले घर्षण आणि पाण्याची वाफ होण्याची मर्यादा धरली, तर व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की पंपाच्या तोंडाशी दाब फारच उतरतो आणि आत खडे पडल्यासारखा खडखडाट सुरू होतो. असा पंप काही काळाने उघडला तर त्याच्या पंख्याची पाती वाळवी लागल्यासारखी पोखरलेली आढळतात. पंप खाली उतरवून पाण्याजवळ बसवणे हा त्यावरचा जुना उपाय. पाणबुडी मोटर तर पाण्यातच बुडालेली असते. तिला पाणी वर खेचून घ्यावेच लागत नाही.

या प्रश्नाने अभियंत्यांना पहिल्यांदा कोंडीत पकडले ते जहाजांच्या बाबतीत. पाणचक्क्यांचा विचार करताना लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७५४ मध्येच या शक्यतेची चाहूल घेतली होती, पण तेव्हाची यंत्रे तिथवर पोचण्याइतकी वेगवान नव्हती. १८९३ साली पाण्यात उतरलेली ब्रिटिश नौदलाची ‘डेअरिंग’ ही विनाशिका चाचणीत अपेक्षित वेग गाठेना. इंजिनात दोष नव्हता. पंख्याच्या पात्यांमागे पोकळ्या तयार होत होत्या आणि जोर वाया जात होता. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवले, तसा भार विभागला जाऊन वेग मिळाला. लगोलग चार्ल्स पार्सन्सला त्याच अडचणीने गाठले. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी त्याची ‘टर्बिनिया’ ही बोट पुरेशी शक्ती असूनही सुमारे २० नॉटच्या पुढे सरकेना. पार्सन्सने १८९५ मध्ये काचेच्या खिडक्यांची एक छोटी बंद जलवाहिनी बांधली, तिच्यात पंख्याची लहान प्रतिकृती फिरवली आणि पात्यांवर उमटणाऱ्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. जगातली ही पहिली कॅव्हिटेशन टनेल. त्यानंतर त्याने बोटीला एकाऐवजी तीन दांडे आणि त्यांवर मिळून नऊ पंखे बसवले. जून १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेडला आरमाराची पाहणी चालू असताना ही चिमुकली बोट ३४ नॉटच्या, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या वर वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून निघून गेली. हा प्रसंग नेहमी टर्बाइनचा विजय म्हणून सांगितला जातो. त्यात त्या छोट्या जलवाहिनीचा वाटाही तेवढाच आहे.

वेगाचा प्रश्न सुटला, तरी पंखे झिजण्याचा राहिलाच. काही महिन्यांत मजबूत धातूवर खड्डे पडत. त्याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडले. पाण्यात एक गोल पोकळी आहे आणि सभोवतालचे पाणी सर्व बाजूंनी आत धावते आहे, अशी कल्पना त्यांनी केली. एक मिलिमीटर त्रिज्येची पोकळी साध्या वातावरणीय दाबाखाली मिटायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. ती आक्रसत मूळ त्रिज्येच्या विसाव्या भागाइतकी उरते तेव्हा तिच्या लगतच्या पाण्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १२६० पट झालेला असतो. पुढे वेगवान छायाचित्रणाने आणखी एक गोष्ट उघड केली. भिंतीला लागून असलेली पोकळी गोल राहून मिटत नाही. भिंतीच्या बाजूने पाणी येऊ शकत नाही, म्हणून समोरच्या बाजूचे पाणी आत घुसते, पोकळीला आरपार भेदते आणि केसासारखी बारीक धार होऊन भिंतीवर आदळते. या धारेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जाऊ शकतो. एका फटक्याने काही होत नाही. लाखो फटके एकाच जागी बसले की पोलादही थकते.

काँक्रीटची गत याहून वाईट. अमेरिकेत कोलोराडो नदीवरच्या हूवर धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात १९४१ मध्ये सुमारे १४ मीटर खोल खड्डा पडला. त्याच नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणात १९८३ च्या पुरात तीच कथा घडली: बोगद्याचे अस्तर फुटले आणि पाण्याने मागच्या वालुकाश्मात दहा मीटरच्या आसपास खोली गाठली. सुरुवात झाली ती पृष्ठभागावरच्या किरकोळ उंचवट्यांपासून. प्रचंड वेगाच्या पाण्याला तेवढे निमित्त पुरते. यावरचा उपाय मात्र विलक्षण साधा आहे. सांडव्यात खाच ठेवून प्रवाहाच्या तळाशी हवा शिरू द्यायची. पाण्यात सात-आठ टक्के हवा मिसळली तरी पोकळ्यांचा मारा बोथट होतो, कारण हवा वाफेसारखी क्षणात नाहीशी होत नाही. ती उशीसारखी दबते. ग्लेन कॅनियनची दुरुस्ती याच पद्धतीने झाली. धरण बांधण्याआधीच धोक्याची जागा ओळखण्यासाठी प्रतिकृतीवर दाब मोजले जातात. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे सांडव्यांवरचे काम याच जातीचे.

निसर्गाने हे हत्यार आधीच वापरात आणले होते. उष्ण समुद्रांत राहणारी पिस्तूल कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या झपाट्याने मिटते की पाण्याची धार उडून मागे पोकळी तयार होते. ती पोकळी मिटताना होणाऱ्या आघाताने भक्ष्य बधिर होते. टाळीसारखा तो आवाज नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याचा असावा, असे पूर्वी मानत. २००० साली डेटलेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिले की आवाज पोकळीचा आहे. पुढच्याच वर्षी त्यांना त्या क्षणी प्रकाशाची अतिशय क्षीण लकेरही सापडली, म्हणजे आत काही हजार अंशांचे तापमान होते. श्राव्यातीत ध्वनीने पाण्यात घडवलेल्या पोकळ्या प्रकाश देतात, हे कोलोन इथे फ्रेन्झेल आणि शुल्टेस यांना १९३४ मध्येच दिसले होते.

बोटे मोडताना येणारा ‘कट्’ आवाजही याच घराण्यातला. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब हाडे ताणल्याने एकदम उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. आवाज पोकळी तयार होताना येतो की मिटताना, यावर वाद आहे. १९७१ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी मिटण्याला श्रेय दिले. २०१५ मध्ये कॅनडात सांध्याचे एमआरआय चित्रण झाले, तेव्हा आवाजानंतरही पोकळी जागेवर दिसली. पोकळी अर्धवट मिटली तरी तेवढा आवाज येऊ शकतो, असे २०१८ चे एक गणिती प्रारूप सांगते. वायू पुन्हा विरघळायला वीसेक मिनिटे लागतात. तोवर तेच बोट पुन्हा वाजत नाही.

वैद्यकात ही पोकळी शत्रू म्हणूनही भेटली आणि औजार म्हणूनही. कृत्रिम हृदयझडपेची कडक पाकळी झटक्याने बंद होते तेव्हा तिच्यालगत कॅव्हिटेशन होऊ शकते. १९८० च्या दशकात काही झडपांवर असे खड्डे आढळले, आणि झडपांची रचना करताना हा विचार अपरिहार्य झाला. त्याच दशकाच्या आरंभी, ७ फेब्रुवारी १९८० रोजी, म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शाउसी यांनी एका रुग्णाचा मूतखडा चिरफाड न करता, शरीराबाहेरून पाठवलेल्या आघातलहरींनी फोडला. यामागचे संशोधन विमाने बनवणाऱ्या डॉर्निये कंपनीचे. वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळल्याने काय इजा होते, हे ती तपासत होती. खडा दोन प्रकारे फुटतो: लहरीच्या थेट ताणाने, आणि तिच्या मागोमाग मूत्रात तयार होऊन मिटणाऱ्या पोकळ्यांच्या माऱ्याने. म्हणूनच घाई इथे उपयोगाची नाही. मिनिटाला १२० ऐवजी ६० आघात दिले, तर खडा अधिक चांगला फुटतो; जास्त वेगाने दिल्यास आधीच्या आघाताचे उरलेले बुडबुडे पुढच्या लहरीला अडवतात. मूत्रपिंडाला होणारी इजाही संथ गतीने कमी होते.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे हिस्टोट्रिप्सी. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत श्राव्यातीत ध्वनीचे अत्यंत छोटे, प्रखर स्पंद एका बिंदूवर एकवटतात. तिथे पोकळ्यांचा ढग उठतो आणि पेशी यांत्रिकपणे चिरडल्या जातात. उष्णता लागत नाही, सुरी लागत नाही. यकृतातल्या गाठींसाठी तिला अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

रसायनशास्त्राने या पोकळीकडे सूक्ष्म भट्टी म्हणून पाहिले, आणि या कामात मुंबई-पुण्याचे नाव जगभर घेतले जाते. मुंबईच्या माटुंग्यातल्या, पूर्वी यूडीसीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ मध्ये तेलांच्या जलविघटनासाठी कॅव्हिटेशन वापरल्याचे संशोधन प्रसिद्ध केले. ध्वनीने पोकळ्या घडवणे प्रयोगशाळेत सोपे, पण कारखान्याच्या प्रमाणावर खर्चिक. पंडित यांच्या गटाने पाणी साध्या छिद्रांच्या तबकडीतून दाबाने सोडून तेच साधले. मिटत्या पोकळीतल्या उष्णतेने पाण्याचे रेणू तुटतात आणि अतिशय क्रियाशील हायड्रॉक्सिल कण निर्माण होतात. ते सांडपाण्यातले चिवट सेंद्रिय पदार्थ तोडतात. छिद्रांच्या या रचनेत एक जुने दुखणे उरते: बारीक छिद्रे गाळाने बुजतात आणि पोकळ्या भिंतीलाच पोखरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाण्याला भोवऱ्यात फिरवणारे उपकरण विकसित केले. भोवऱ्यात सर्वांत कमी दाब मध्यभागी असतो, त्यामुळे पोकळ्या तिथेच उपजतात आणि उपकरणाच्या भिंतींपासून दूर मिटतात.